माझ्या कपाटातलं तुझं प्रस्थान

वहिनी,

तुझ्या दहाव्याला कावळ्यानं आम्हाला अजिबात ताटकळत ठेवलं नाही. ओरछ्याला बेतवेच्या घाटावर गुरुजींनी पिंड मांडला, आम्ही सगळे चार पावलं मागे सरकलो, तेवढ्यात समोरच्या राजांच्या दगडी छत्रीवरून एक कावळा सरळ खाली आला. दादाला हात जोडायलासुद्धा सवड मिळाली नाही. गुरुजी म्हणाले, "तृप्त होऊन गेल्या हो. काहीच इच्छा मागे ठेवली नाही." दादा उपरण्याला डोळे पुसत म्हणाला, "तिनं कधी काही मागितलंच नाही. एक रामेश्वर तेवढं राहिलं." मी त्याच्या मागेच उभी होते. त्याची बहीण, तुझी नणंद, तोंडाला कुलूप लावून. लाजेनं माझे कान तापले होते आणि पाहणाऱ्यांना वाटलं असेल, बिचारी रडणं आवरतेय.

तो कावळा एक तर फार भुकेला असणार, नाहीतर तुझ्यासारखा, चारचौघांत कुणाला अवघडून ठेवायचं नाही म्हणून पटकन आटपून घेणारा. कारण इच्छा होती. माझ्या कपाटात तुझे बूट होते, बुटांवर तुझं प्रस्थान होतं आणि बोर्निओ बेटावरच्या एका डोंगरावर, ढगांच्याही वर, आपल्या दोघींच्या नावानं दोन खाटा राखलेल्या होत्या. रामेश्वराचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. त्या घाटावर हे फक्त मला माहीत होतं.

हे सगळं डोळ्यांच्या दवाखान्यात सुरू झालं. तुझ्या डोळ्यांत औषध घालून तुला बाकावर बसवलं होतं. टेबलावरचं एक जुनं मासिक तू उगाच चाळत होतीस आणि एका पानावर थांबलीस. अक्षरं लागत नव्हती, चित्र तेवढं कळत होतं. राखाडी रंगाचा थोरला खडक, माथ्यावर वेडीवाकडी टोकं, खाली हिरवंगार रान आणि मध्ये ढगांचा पट्टा. "वन्सं, काय लिहिलंय ते वाचा बघू," म्हणालीस. मी वाचलं. किनाबालू. मलेशियातलं राष्ट्रीय उद्यान. उंची चार हजार मीटरच्या वर. विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर कडाक्याची थंडी. आणि शेवटी एक ओळ अशी, की गिर्यारोहण न शिकलेली साधी माणसंसुद्धा वाटाड्या घेऊन दोन दिवसांत हा डोंगर चढून उतरू शकतात.

"साधी माणसं," तू म्हणालीस. "म्हणजे आपण की."

मी म्हटलं, "आपण साधी नाही, म्हातारी."

"मग म्हाताऱ्यांना बंदी आहे असं कुठं लिहिलंय का तेही वाचा."

तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी गंमत म्हणून सोडून दिलं आणि तू सोडलं नाहीस.

मला वाटतं, आमच्यापैकी कुणी तुला कधी नीट विचारलंच नाही की तुला काय आवडतं. तुझे वडील फौजेत, बदलीवर बबीन्याच्या छावणीत आलेले, तिथूनच तू लग्न होऊन झाशीला आमच्या घरी, खंडेराव गेटला आलीस. आम्ही तुला फौजी घरातली म्हणून ओळखायचो, शिस्तीची, वेळेवर चहा करणारी. पण तुझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या वाईकडं आजोळी डोंगर चढण्यात गेल्या होत्या, हे मला त्या दवाखान्यातून परतताना रिक्षात कळलं. आमचं घराणं पेशवाईत गुरसरायच्या कारभाऱ्यांबरोबर इकडं आलेलं. तेव्हापासून आम्ही सपाटीवर. आमच्या घरी डोंगराला 'पहाड' म्हणतात आणि पहाड ही लांबून बघायची वस्तू असते. त्या घरात तू इतकी वर्षं काढलीस आणि कुणालाही पत्ता लागला नाही की ही बाई डोंगर चढत वाढलीय.

तुला त्याच संध्याकाळी दादाला सांगायचं होतं. मी अडवलं. "तो हसेल," म्हटलं. "आणि त्याचं हसणं तुला माहीत आहे. खंडेराव गेटला हसला की तालपुऱ्यात ऐकू येतं."

"हसू दे की," तू म्हणालीस. "हसून झाल्यावर ऐकतीलच."

पण मला ते हसणं आठवत होतं. शाळेत असताना मी एनसीसीचा गणवेश घालून घरी आले होते. खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्यावर टोपी. दादा ओट्यावर मित्रांबरोबर बसला होता. तो इतका हसला की ओट्यावर आडवा झाला आणि त्याच्याबरोबर ते सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं. तेव्हापासून लोक काय म्हणतील हे मी आधीच म्हणून घेते, म्हणजे त्यांना म्हणायला काही उरत नाही. कोषागाराच्या कचेरीत सबंध नोकरी मी तशीच केली. तुला मी हे कधी सांगितलं नाही. तुला एवढंच सांगितलं की तिकीट निघाल्यावर सांगू, तोवर गप्प बस.

आणि तू गप्प बसलीस. ते तुझ्या स्वभावात नव्हतं, माझ्या होतं.

मग आपली तयारी सुरू झाली. वरच्या खाटा मोजक्याच असतात, महिने महिने आधी राखाव्या लागतात, वाटाड्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, दुसऱ्या दिवशी अंधारातच उठून दोराला धरून उघड्या खडकावर चढायचं असतं आणि ठरल्या वेळेत ठरल्या फाटकापाशी पोचलं नाही तर हात जोडून परत पाठवतात. हे सगळं मी मोबाइलवर शोधून तुला वाचून दाखवायचे. तू मटार सोलत ऐकायचीस. मी म्हटलं, तिथं सामान उचलायला माणसं मिळतात, आपण माणूस घेऊ. तू म्हणालीस, माझं ओझं मी उचलणार. यावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुला वाटायचं, ओझं दुसऱ्याच्या पाठीवर देऊन चढणं म्हणजे पालखीतून जाणं. मला वाटायचं, या वयात पाठ मोडून घेण्यात कसला आलाय पुरुषार्थ. वहिनी, अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. पण समोर भांडायला तू नाहीस, तर नुसतं बरोबर असून करायचं काय?

ओझ्याचा सराव हवा म्हणून तू पाठीवरच्या पिशवीत गहू भरलेस. घरातलेच गहू, दर रविवारी तेच. पहाटेच आपण कैमासनच्या टेकडीवर जायचो, देवीच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. गल्लीच्या तोंडावर भाजीवाली बसलेली असायची. "काए बिन्नू, कितै जा रईं सबेरे-सबेरे?" ती तिच्या बुंदेलीत विचारायची. तू तोंड उघडायच्या आत मी सांगायचे, "चक्की जा रहे हैं, गेहूँ पिसवाने." त्या बाजूला एकही चक्की नाही हे तिलाही माहीत होतं. दर रविवारी आपण गहू नेतो आणि दर रविवारी गहूच परत आणतो, हेही तिनं पाहिलं असणार. पण ती भली बाई, कधी काही बोलली नाही.

वरचे पुजारी मात्र बोललेच. "बहनजी, कोई मन्नत मानी है क्या? इतने चक्कर!"

"हाँ महाराज," तू म्हणालीस, "बहुत ऊँची मानी है."

टेकडीवर तू मला वन्सं म्हणायची नाहीस. घरात 'वन्सं, तुम्ही', आणि पायऱ्यांवर 'शैले, चल गं, थांबू नकोस'. वयानं आपण जवळजवळ बरोबरीच्या. इतक्या वर्षांत माझ्या नावानं मला हाक मारणारं दादाशिवाय कुणी राहिलं नव्हतं. मला ते फार आवडायचं. आवडतं असं मी एकदाही म्हटलं नाही.

बूट घ्यायला आपण बबीन्याला गेलो. तू त्या बाजारात लहानपणी वावरलेली, तुला दुकान ठाऊक होतं, फौजी लोक जिथून बूट आणि पिशव्या घेतात ते. दुकानदारानं विचारलं, "भाईसाहब के लिए दिखाऊँ, बहनजी?" तू म्हणालीस, "नहीं, मेरे..." आणि मी मध्येच तोंड घातलं, "बेटे के लिए." त्यानं तुझ्या पावलाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "बेटे का पैर तो बहुत छोटा है." तू हसायला लागलीस. तिथंच स्टुलावर बसलीस, चपला काढल्यास, मोजे चढवलेस आणि म्हणालीस, "भैया, बेटा भी मैं ही हूँ, ज़रा ढीला देना." तो गडी कामाला लागला. मी मात्र दुकानाच्या बाहेर जाऊन उभी राहिले, जणू या बाईशी माझी ओळख नाही. परतताना बसमध्ये तू खोका मांडीवर घेऊन बसली होतीस आणि मी म्हटलं, पिशवीत घाल तो, लोक बघताहेत. तू म्हणालीस, "बूटच आहेत शैले, बाँब नाही."

ते बूट माझ्या एकटीच्या घरी राहिले, साहजिकच. तुझ्या घरी दिसले असते.

एक रविवार मला विसरता येत नाही. पायऱ्यांच्या मध्यावर तू टेकली होतीस, तोंड लाल, पाठीवर गहू, पायात ते बूट, साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या. दादाच्या रेल्वेच्या कचेरीतले जुने साहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती दर्शनाला येत होते. "अरे भाभीजी, आप? ये सब क्या?" आणि मी म्हटलं, "वो भाभी ने मन्नत मानी है ना, मिलिंद को बच्चा हो जाए इसलिए." तुझ्या मुलाला, सुनेला, सगळ्यांना मी एका वाक्यात त्या टेकडीवर ओढून आणलं. त्यांनी हात जोडले, तुला आशीर्वाद दिला, गेले. खाली उतरून रिक्षा बघताना म्हणालीस, "शैले, मी काय चोरी करतेय का गं?" मी म्हटलं, चल, उशीर होतोय. वहिनी, त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाही, तू चोरी करत नव्हतीस. मला तुझी लाज वाटत होती. तुझ्यासारखी बाई, घरभर मिरवावी अशी, आणि मी तुला पदराआड लपवत होते.

रामेश्वर हीसुद्धा माझीच अक्कल. इतके दिवस बाहेर जायचं तर दादाला काहीतरी सांगायला हवं. गाडी मद्रासचीच होती, विमान तिथूनच होतं, मग म्हटलं, रामेश्वर म्हणून टाकू. तुला ते पटलं नाही. "देवाच्या नावानं नको," म्हणालीस. मी म्हटलं, "रामानंही तिथूनच समुद्र ओलांडला, आपणही ओलांडतोय, खोटं कुठं आहे त्यात?" तू हसलीस. तुला हसवलं की तुझा विरोध मोडायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. गल्लीभर झालं, दोघी रामेश्वरला निघाल्या. शेजारणीनं शंख आणायला सांगितला.

आणि मग दादानं पंचांग उघडलं.

"गुरुवारी दक्षिणेला? दिशाशूल आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी जा. रामेश्वर कुठं पळून जातोय?"

आपण दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. रामेश्वर पळून जात नव्हता, पण डोंगरावरच्या खाटा जात होत्या आणि ते सांगायची सोय मी ठेवली नव्हती. मी तिकिटाचं कारण सांगितलं, गर्दीचं सांगितलं. दादा ऐकत होता. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग प्रस्थान ठेवू!"

तुझ्या माहेरी हे नव्हतं. तू विचारलंस, तेव्हा त्यानं किती हौसेनं तुला समजावलं. जायचा दिवस वाईट असेल आणि जाणं टळत नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला जे ओळखीचं घर असेल तिथं नेऊन ठेवायचं. मग माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. ते पुन्हा घरी आणायचं नाही, जागेवरून हलवायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं. आमच्या आजोबांपर्यंत सगळे करायचे. दादाला कितीतरी वर्षांनी ते करायला मिळत होतं. माझं घर तुमच्यापासून बरोबर दक्षिणेला, दोन गल्ल्या सोडून. सोमवारी सकाळी आंघोळ करून, लाल फडक्यात स्वतः गाठ मारून, तो ते दोन्ही हातांनी धरून माझ्याकडं घेऊन आला. तू मागून आलीस. दादानं ते माझ्या कपाटात ठेवलं, नमस्कार केला आणि तुला म्हणाला, "झालं. निघालीस तू."

तो गेल्यावर तू वरच्या खणातून बूट काढलेस, खाली ठेवलेस आणि ती लाल पुरचुंडी अलगद उचलून बुटांवर ठेवलीस. "जायचं आहे तिकडं हेच नेणार ना," म्हणालीस. मग थोडा वेळ कपाटाला धरून उभी राहिलीस. "शैले, यांनी किती मनापासून बांधलंय गं. मला लाज वाटायला लागलीय."

मी म्हटलं, आल्यावर सांगू. फोटो दाखवून सांगू. तेव्हा हसला तरी चालेल.

मंगळवारी तुला ताप भरला. डेंग्यू निघाला. गुरुवारी आपली गाडी झाशीहून सुटली, तेव्हा तू दवाखान्यात सलाइन लावून पडली होतीस. दादा तुझ्या उशाशी बसून म्हणाला, "बघ, दिशाशूल टळला. देवानंच थांबवलं." तू माझ्याकडं बघून बारीक हसलीस. तो औषध आणायला खाली गेला, तशी तू माझं मनगट धरलंस. हात तापानं भाजत होता. "यांना सांगून टाकूया गं. आता तर जाणंही नाही. उगाच मनावर ओझं."

मी म्हटलं, "आधी बरी हो. मग तूच सांग."

मला वाटलं, मी तुला धीर देतेय. खरं तर मी माझी वेळ पुढं ढकलत होते. तू मान वळवलीस आणि दादा परत आला.

रविवारी तू गेलीस. ज्या दिवशी आपण त्या खाटांवर अंग टाकायचं, त्या दिवशी आम्ही तुझ्या अस्थी गोळा करत होतो. मिलिंद पुण्याहून आला होता. राखेत हात घालताना तो लहान मुलासारखा रडला आणि मला एकाएकी वाटलं, आत्ता सांगावं, इथंच. पण गुरुजी होते, शेजारी होते, रेल्वेतली माणसं होती. मी गप्प बसले. मला त्याची इतकी सवय आहे.

दहाव्याच्या कावळ्याचं सांगितलंच. तेराव्याला जेवणं झाल्यावर दादानं सगळ्यांसमोर सांगितलं, "प्रस्थान ठेवलेलं आहे. ते परत आणता येत नाही. ती निघालेली आहे, तर तिला पोचवायला पाहिजे. मी रामेश्वरला नेतो." दादाचे गुडघे तुला माहीत आहेत. आपल्याच घराचा जिना तो थांबून थांबून चढतो. मिलिंद म्हणाला, मी बरोबर येतो. दादा म्हणाला, नको, तिच्याबरोबर मीच जाणार. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी काय केलं असेल? तिथं कुठं उतरावं, देऊळ किती वाजता उघडतं, हे मी त्याला सांगितलं. कधी न पाहिलेल्या गावाचं. त्या खोट्यासाठी मी सगळं वाचून ठेवलं होतं ना. "तुला बरीच माहिती आहे," दादा कौतुकानं म्हणाला. वहिनी, धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

काल सकाळी तो प्रस्थान न्यायला आला. धुतलेला सदरा, हातात नवी कापडी पिशवी.

तो येणार म्हणून मी आधीच लाल पुरचुंडी बुटांवरून उचलून बाहेर टेबलावर, ताटलीत काढून ठेवली होती. बूट खणात मागे ढकलले होते, वरून चादर टाकली होती. म्हणजे शेवटच्या घडीलाही माझं हेच चाललं होतं. तो ती घेऊन जाईल, रामेश्वरच्या समुद्रात सोडेल, त्याला बरं वाटेल. मी स्वतःला सांगितलं होतं की त्याला बरं वाटणं महत्त्वाचं.

तो ताटलीपाशी आला आणि थबकला. "इथं कशी? मी कपाटात ठेवली होती ना? हलवलीस का तू?"

त्यात राग नव्हता. घाबरला होता तो. आपल्याकडून काही चुकलं की काय, त्यामुळे तू अडकलीस की काय, असा त्याचा चेहरा झाला. ते मला बघवलं नाही. त्याच्या हसण्याला भिऊन मी एवढं सगळं केलं होतं आणि समोर एक म्हातारा माणूस तांदळाच्या पुरचुंडीकडं बघत उभा होता. मी कपाट उघडलं, चादर काढली आणि बूट त्याच्यासमोर जमिनीवर ठेवले.

"हे कुणाचे?"

"वहिनीचे."

मग मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दवाखान्यातलं मासिक, गहू, कैमासन, बबीना, मद्रासहून पुढचं विमान. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. दादा खुर्चीत बसला. त्यानं एक बूट उचलून मांडीवर घेतला, तळ उलटा करून बघितला. खाचांमध्ये टेकडीची लाल माती होती.

"पहाड?" तो म्हणाला. "ती?"

आणि तो हसला. जरासाच, नाकातून. बुटावर हात फिरवत. "पाठीवर गहू घेऊन? आमचे गहू?" म्हणाला. ते हसू मी आधी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मिलिंद पहिल्यांदा चालायला लागला तेव्हा हसला असेल तसा, फार तर.

मग ते हसू गेलं. "मला का नाही सांगितलं तिनं? मी हसेन असं वाटलं तिला?"

इथं मला पळवाट होती. 'हो' म्हटलं असतं तर तू काही खोडून काढायला येणार नव्हतीस. त्यानं उरलेलं आयुष्य त्या 'हो'बरोबर काढलं असतं.

"तिला नाही वाटलं," मी म्हटलं. "ती पहिल्या दिवसापासून सांगायचं म्हणत होती. दवाखान्यातही म्हणाली. मी सांगू दिलं नाही. मला वाटलं तू हसशील." आणि मग एनसीसीचं सांगितलं, खाकी टोपीसकट.

त्याला ते आठवतच नव्हतं. बराच वेळ त्यानं आठवून बघितलं. "शैला, मी असं केलं होतं?" त्यानं विचारलं आणि मला त्याचीही लाज वाटली, की आता मी त्याच्या अंगावर हे नवं काहीतरी टाकून दिलं. तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "मिलिंदला सांगतो, रामेश्वरचं तिकीट रद्द कर म्हणून."

मी चहा टाकायला वळले. स्वयंपाकघरात गेले तर त्यानं मागून विचारलं, "तो पहाड चढायला किती वेळ लागतो म्हणालीस?"

"जायला एक दिवस, यायला एक."

"आणि जिथून चढायला लागतात, तिथं खाली बसायला काही असतं का? बाक वगैरे?"

"असणार. उद्यान आहे ते. लोक येतात, थांबतात."

मी आधण ठेवलं, साखर घातली. मग त्याचा आवाज आला, अगदी साधा, बाजाराची यादी सांगावी तसा.

"वरपर्यंत काही मला जमलं नसतं गं. पण खाली बसलो असतो. तुम्ही दोघी उतरेपर्यंत."

तो आला असता, वहिनी.